पावसाळ्यात मॉरिशसला मित्राकडे जाताना : खान्देशातून निघणाऱ्यांसाठी

मॉरिशसला नोकरीला गेलेला मित्र फोनवर म्हणतो, "जानेवारी-फेब्रुवारीत ये, निवांत फिरू." एक गोष्ट मात्र तो सांगत नाही, ती म्हणजे तिथला भर पावसाळा नेमका तेव्हाच असतो. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे. आपल्याकडे भरताचा हंगाम, सकाळच्या शेकोट्या आणि लग्नसराई चालू असते तेव्हा तिथे दमट उन्हाळा, पावसाच्या सरी आणि मधूनच चक्रीवादळ. आपला आषाढ-श्रावण म्हणजे तिथला थंड, कोरडा काळ.

म्हणून जाऊच नये असं नाही. डोंगर हिरवेगार असतात, धबधबे भरून वाहतात आणि मित्राचं घर असल्यामुळे हॉटेलात अडकून पडल्याचं दुःख नसतं. फक्त तारखा, कागद आणि बॅग या तिन्हींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

१. घर बेटाच्या कुठल्या भागात आहे, ते आधी विचारा

बेट लहान आहे, पण पाऊस सगळीकडे सारखा नाही. वारा आग्नेयेकडून येतो आणि मधल्या पठाराला आदळतो. त्यामुळे पठारावरच्या क्युरपीपसारख्या गावात वर्षाला ४००० मिलीमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आं-फ्लाककडे, जेमतेम ९००. आपल्या जळगावचा वर्षाचा पाऊस सातशेच्या आसपास, यावरून अंदाज बांधा.

मित्र क्युरपीप, फिनिक्स, व्हाक्वा या पट्ट्यात राहत असेल तर हवा गार, ढग खाली आणि कपडे दोन-दोन दिवस ओले. पश्चिमेला राहत असेल तर ऊन, घाम आणि थोड्याच वेळात उरकणाऱ्या सरी. उत्तरेला ग्रां बेकडे पाऊस मध्यम आणि पर्यटकांची गर्दी. बॅगेत काय भरायचं आणि सहली कशा आखायच्या, हे या एका उत्तरावर ठरतं. पठारावर धो-धो पाऊस असताना तासाभरावरच्या पश्चिम किनाऱ्यावर कोरडं ऊन, हे तिथे नेहमीचं. खिडकीबाहेर पाहून दिवस रद्द करू नका.

२. तारखा ठरवताना शेवटी दोन दिवस मोकळे सोडा

फेब्रुवारी हा साधारणपणे सर्वांत जास्त पावसाचा महिना. चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरपासून एप्रिल-मेपर्यंत धरतात, आणि जोर जानेवारी ते मार्च. प्रत्येक वादळ बेटावर येऊन आदळतं असं नाही, बरीचशी बाजूने निघून जातात. पण नुसतं जवळून गेलं तरी विमानतळ बंद होऊ शकतो. मग विमानं पुढच्या दिवसावर जातात, आणि अडकलेले सगळे प्रवासी एकाच वेळी जागा मागू लागतात.

म्हणून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी लग्न, परीक्षा किंवा ऑफिसातली महत्त्वाची बैठक ठेवू नका. परत आल्यावर किमान दोन मोकळे दिवस हवेत. तिकीट घेताना तारीख बदलायला किती पैसे लागतात ते पाहा. सर्वांत स्वस्त तिकिटात ही सोय बहुधा नसते, आणि या हंगामात तिचीच गरज पडते.

प्रवास विमा तिकीट काढतानाच घ्या. त्यात विमानाचा उशीर, प्रवास रद्द होणं आणि दवाखान्याचा खर्च हे तिन्ही असल्याची खात्री करा. वादळाची बातमी आल्यावर काढलेल्या विम्यातून त्याच वादळाचे पैसे मिळतील अशी आशा धरू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये महाशिवरात्री येते. त्या आठवड्यात हजारो लोक सजवलेल्या कावडी घेऊन पायी ग्रां बासँला, म्हणजे गंगा तलावाला जातात. सोहळा पाहण्यासारखा असतो, पण पठारावरच्या रस्त्यांवर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. त्या दिवसांत विमानतळावर जायचं असेल तर वेळ दुप्पट धरा.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. उतरल्यावर विनाशुल्क प्रवेश मिळतो. पण विनाशुल्क म्हणजे विनाचौकशी नव्हे. अधिकाऱ्याला राहण्याचा पत्ता, परतीचं तिकीट आणि खर्चाची सोय या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. हॉटेलात उतरणाऱ्यांकडे बुकिंगचा कागद असतो. मित्राकडे उतरणाऱ्यांकडे तो नसतो आणि गाडी तिथेच अडते. "मित्राकडे राहणार" एवढं तोंडी सांगून भागत नाही.

सोबत हे ठेवा :

- परतीच्या तारखेनंतरही सहा महिने चालणारा पासपोर्ट
- येण्या-जाण्याचं पक्कं तिकीट
- मित्राच्या सहीचं निमंत्रणपत्र : तुमचं नाव पासपोर्टवर आहे तस्सं, पासपोर्ट क्रमांक, राहण्याच्या तारखा, घराचा पूर्ण पत्ता, मित्राचा तिथला फोन आणि "राहण्याची जबाबदारी माझी" असं स्पष्ट वाक्य
- मित्राच्या ओळखपत्राची किंवा तिथल्या निवास-नोकरी परवान्याची प्रत
- त्याच्या पत्त्याचा पुरावा : वीजबिल, पाणीबिल किंवा भाडेकरार
- पैशांचा पुरावा : फॉरेक्स कार्ड, बँकेचं स्टेटमेंट. दिवसाला १०० डॉलर या हिशेबाने दाखवता आलं तर प्रश्न उरत नाही
- विम्याचा कागद
- मॉरिशस सरकारचा ऑनलाइन प्रवास फॉर्म निघण्याच्या आधी दोन-तीन दिवसांत भरून त्याची छापील प्रत

बिल मित्राच्या नावावर नसून घरमालकाच्या नावावर असेल, आणि तसंच बहुतेकदा असतं, तर भाडेकराराची प्रत जोडाच. हे सगळं कागदावर छापून हातातल्या बॅगेत ठेवा. मुंबईच्या इमिग्रेशनलाही हाच संच विचारला जाऊ शकतो आणि तिथे रांगेत उभं राहून मोबाईलमध्ये पीडीएफ शोधताना घाम फुटतो.

पासपोर्टच नसेल तर मुंबई गाठायची गरज नाही, जळगावच्या टपाल कार्यालयातल्या पासपोर्ट केंद्रात अर्ज देता येतो. ३६ पानी साध्या पासपोर्टला १५०० रुपये. आपल्याकडे हमखास अडतं ते नावात. आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, वडिलांच्या नावापुढे कुठे "भाऊ" तर कुठे "राव". आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येतो, त्याने घाबरून जाऊ नका. तो शेरा नोकरीसाठी काही ठरावीक देशांत जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्या यादीत मॉरिशस नाही.

पर्यटक म्हणून गेल्यावर मित्राच्या दुकानात किंवा हॉटेलात "जरा हातभार" लावणं हेही काम धरलं जातं. अधिकाऱ्याने विचारलं तर भेटायला आणि फिरायला आलोय, एवढंच सांगा आणि वागाही तसंच.

४. मित्रासाठी खाऊ : काय चालतं, काय अडतं

मित्र भरताची वांगी मागणारच. नेऊ नका. ताजी भाजी, फळं, रोपं, बियाणं यांना तिथे आधी परवाना लागतो. ऊस तर अजिबात नाही, तो देशच उसावर उभा राहिलेला आहे. रावेर-सावद्याची केळी, घरची मेथी, परसातल्या मिरचीचं बी, सगळं इथेच ठेवा.

नेण्यासारखं पुष्कळ आहे. कारखान्यातून सीलबंद आलेले केळीचे वेफर्स, शेव, काळा मसाला, उडदाचे पापड, बिबडे. कळण्याचं पीठ न्यायचं तर गिरणीतून आणलेल्या पिशवीत नको, दुकानातलं नाव-तारीख छापलेलं पाकीट घ्या. घरगुती मसाला प्लास्टिकच्या पुडीत बांधून नेला तर उघडून हुंगून पाहतात. बिबडे बॅगेत चुरा होतात. पसरट स्टीलच्या डब्यात तळाला जाड कापड, मग बिबडे, वर पुन्हा कापड, आणि डबा बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या आत. तिथल्या दमट हवेत डबा उघडल्यावर पापड-बिबडे दोन दिवसांत मऊ पडतात, म्हणून मित्राला लहान-लहान पाकिटं करून द्या. फॉर्मवर खाद्यपदार्थ आहेत का असं विचारतात. तिथे "हो" लिहा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपवलेली सापडली तर प्रकरण वेगळं होतं.

गुटखा, तंबाखूच्या पुड्या, ई-सिगारेट, सिगारेट वळायचा कागद, यातलं काहीही खिशात ठेवू नका. भांग किंवा तिचा कुठलाही प्रकार, शिवरात्रीचा प्रसाद म्हणूनही नाही. अमली पदार्थांच्या बाबतीत तो देश फार कडक आहे.

५. औषधं

हीच कडकगिरी औषधांनाही लागू आहे आणि बेसावध माणूस इथे सापडतो. आपल्याकडे कंबरदुखीला सर्रास दिलं जाणारं ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम वगैरे) यांच्यावर तिथे नियंत्रण आहे. यातलं काही खरंच लागत असेल तर आपल्या डॉक्टरांना पर्याय विचारा. पर्याय नसेल तर तिथल्या आरोग्य मंत्रालयाची परवानगी निघण्याआधी घ्या.

बीपी, साखर, थायरॉईडच्या गोळ्या न्यायला हरकत नाही. मात्र मूळ पाकिटात, राहण्याच्या दिवसांपुरत्या अधिक आठवडाभराच्या (विमान अडकलं तर उपयोगी पडतात), आणि सोबत इंग्रजीत टाईप केलेली चिठ्ठी, जिच्यावर औषधाचं मूळ नाव आहे. डॉक्टरांच्या अक्षरातला कागद तिथे कुणाला वाचता येणार नाही. नाव नसलेल्या पुडीतली चूर्णं आणि भस्मं घरीच बरी.

डासांना विसरू नका. या हंगामात डेंग्यू असतो, चिकुनगुन्याही झालेला आहे. हे डास दिवसा चावतात. अंगाला लावायचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे दोन पातळ शर्ट घ्या. आपल्यासारख्या हिवतापाच्या देशातून येणाऱ्यांची तिथलं आरोग्य खातं विचारपूस करतं, घरी माणूसही येऊ शकतो. फॉर्मवर पत्ता आणि फोन खरा लिहा.

६. बॅग

छत्री पठारावरच्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी उलटी होते. टोपीचा हलका रेनकोट घ्या. जीन्स नको, ओली झाली की वाळतच नाही. पातळ, लवकर वाळणारे कपडे घ्या. चामड्याचे बूट आणि पट्टे यांवर आठवड्यात बुरशी धरते, त्यापेक्षा मागून पट्टा असलेले रबरी सँडल बरे. पोहायला जायचं असेल तर पाण्यातले बूट वेगळे घ्या : उथळ पाण्यात स्टोनफिश नावाचा दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो आणि तो पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

प्लग दोन प्रकारचे आहेत, इंग्लंडकडचा चौकोनी तीन पिनांचा आणि युरोपचा गोल दोन पिनांचा. आपली गोल तीन पिनांची पिन कुठेच बसत नाही. मुंबईत अॅडाप्टर घ्या. पॉवर बँक (हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही), लहान टॉर्च, कागदांसाठी चेनचं प्लास्टिक पाकीट, आणि एक कापडी पिशवी, कारण प्लास्टिकच्या कॅरीबॅगला तिथे बंदी आहे. जळगावहून निघताना मात्र अंगावर स्वेटर हवा. जानेवारीच्या रात्री गाडीत थंडी वाजते आणि दुसऱ्या दिवशी तोच स्वेटर तुम्ही हातात घेऊन घामाघूम उभे असता.

७. पैसे आणि फोन

तिथलं चलनही रुपयाच, आणि तोच गोंधळ. एक मॉरिशस रुपया म्हणजे आपले जवळपास दोन रुपये. मित्र "पाचशे रुपये टॅक्सी" म्हणाला तर मनात हजार धरा. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं आहे, पण प्रत्येक दुकानात ते चालेल असं समजू नका. फॉरेक्स कार्ड मुख्य, थोडी रोख हाताशी. वादळात वीज गेली की एटीएम आणि कार्ड मशीन दोन्ही बंद, म्हणून दोन-तीन दिवस पुरेल एवढी स्थानिक रोख घरात कायम ठेवा.

निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशातले व्यवहार चालू करा आणि भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि कार्ड असून नसल्यासारखं. तिथलं सिम विमानतळावर पासपोर्ट दाखवून मिळतं. वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

८. मुंबई गाठणं

भुसावळ-जळगावहून गाड्यांना तोटा नाही, नंदुरबारकरांना सुरतमार्गे जाता येतं, धुळेकर बहुतेक ट्रॅव्हल्सने निघतात. विमान सुटण्याच्या किमान आठ तास आधी मुंबईत पोचणारी गाडी धरा. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, त्यात गाडी लेट होणं नवीन नाही. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजर व्हायचं असतं. विमान पहाटेचं असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबईत असा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जातानाचं तेव्हाच काढा, परतीचं नको. त्याचं कारण शेवटी येईल.

मुंबईहून थेट विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात. तिथला विमानतळ प्लेझाँसला, आग्नेय टोकाला. मेट्रो तिथे येत नाही, ती राजधानी पोर्ट लुई ते क्युरपीप धावते. मित्र घ्यायला येत नसेल तर टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा. बस आहेत, स्वस्तही आहेत, पण संध्याकाळी लवकर बंद होतात. रात्री उतरणाऱ्याने त्यांच्या भरवशावर राहू नये.

९. रोजच्या पावसात फिरणं

सकाळी लवकर निघा, दुपारनंतर पठारावर आणि डोंगरात ढग जमतात. नदी-धबधब्यांबाबत नियम एकच ठेवा : वर डोंगरात पाऊस दिसत असेल तर खाली पाण्यात उतरायचं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. सेत कास्काद, म्हणजे तामारँचे सात धबधबे, वाटाड्याशिवाय आणि सलग पावसानंतर करू नका. समुद्रात प्रवाळाच्या कड्याच्या आत पाणी शांत असतं. दक्षिणेला सुयाकच्या ग्री-ग्री किनाऱ्यावर तो कडाच नाही, तिथे फक्त बघायचं. मोठ्या पावसानंतर नद्यांच्या मुखाशी गढूळ पाण्यात पोहू नका.

पोर्ट लुईत पाऊस भरून आला तर वेगळी काळजी. ३० मार्च २०१३ ला तिथे दोन तासांच्या आत दीडशे मिलीमीटर पाऊस पडला आणि ११ माणसं गेली, त्यातली काही पादचारी बोगद्यात आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकून. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळात त्याच शहरात रस्त्यावरच्या गाड्या वाहून गेल्या. पाणी चढताना दिसलं की भुयारी रस्ता आणि तळघर टाळा, गाडीचा मोह सोडा, पायऱ्या चढून वर जा.

संततधार असेल त्या दिवशी आप्रवासी घाट पाहा. २ नोव्हेंबर १८३४ ला मॉरिशसमध्ये उतरलेल्या भारतीय मजुरांपासून जी रीघ सुरू झाली, तिच्या खुणा इथे आहेत. २००६ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. बाहेर पडल्यावर गरम धोल पुरी खा : चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ पोळी, सोबत भाजी आणि मिरचीची चटणी. तिखटाला खान्देशी माणूस हसेल, पण चटणी आधी थोडी चाखून पाहा.

१०. वादळाचा इशारा आला की

इशारा १ ते ४ अशा वर्गांत देतात आणि सगळं मोजमाप ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याच्या झोतांवर चालतं. क्लास वन म्हणजे तसे झोत यायला साधारण दीड-दोन दिवस. क्लास टू म्हणजे दिवसाउजेडाचे सुमारे १२ तास हातात, क्लास थ्री म्हणजे सुमारे ६. क्लास फोर म्हणजे झोत सुरू झाले. फ्रेंच-क्रिओल बातम्या कळल्या नाहीत तरी हा आकडा कळतो, आणि तेवढा पुरतो.

क्लास वन : विमान कंपनीच्या अॅपमध्ये तुमचा तिथला फोन नंबर टाका. किराणा भरा. ब्रेड आणि पाणी सर्वांत आधी संपतं.
क्लास टू : फोन, पॉवर बँक, टॉर्च चार्ज करा. बादल्या, पिंप, भांडी भरून ठेवा. गॅलरीतल्या कुंड्या, खुर्च्या, वाळत घातलेले कपडे आत घ्या. कुंडी उडून शेजाऱ्याच्या काचेत जाते.
क्लास थ्री : सगळं बंद होतं, बसही. याच्या आधी घरात असायलाच हवं. तुम्ही लांब सहलीला असाल तर क्लास टूलाच परत फिरा.
क्लास फोर : खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत. मध्येच वारा पडला आणि आकाश उजळलं तर बाहेर जाऊ नका. तो वादळाचा डोळा असू शकतो. थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तेवढ्याच जोरात येतो. फोटो काढायला बाहेर पडणारे इथेच सापडतात.

इशारा मागे घेतल्यावरही तारा तुटलेल्या असतात. पडलेल्या तारेजवळ आणि साचलेल्या पाण्यात जाऊ नका. नळाचं पाणी काही दिवस उकळून प्या. तिथले नंबर : पोलीस ९९९, रुग्णवाहिका ११४, अग्निशमन ११५.

११. मित्राच्या घरात

त्याला ऑफिस असतं, तुम्हाला सुट्टी असते. निघण्याआधीच विचारून ठेवा की कुठले दिवस तो मोकळा आहे, आणि बाकीच्या दिवसांचा बेत स्वतः करा. किराणा आणि पेट्रोल तुम्ही भरा. तो "अरे राहू दे" म्हणेल, तरी भरा. तिथला बराचसा माल बाहेरून येतो, भाव आपल्यापेक्षा चढे आहेत. ओला रेनकोट दारातच टांगा. ओल्या बुटांत रात्री वर्तमानपत्र कोंबून ठेवा आणि सकाळी कागद बदला. वादळामुळे तुमचा मुक्काम लांबला तर पहिल्याच दिवशी त्याच्याशी मोकळेपणी बोला. प्रवेश देताना पासपोर्टवर मारलेल्या शिक्क्याची तारीखही पाहा. ती ओलांडत असेल तर थांबून न राहता तिथल्या पासपोर्ट आणि इमिग्रेशन कार्यालयात जा, विमान रद्द झाल्याचा कंपनीचा संदेश छापून न्या.

१२. परत येताना

शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, विमानतळावर काढून घेतात. विमान रद्द झालं तर विमानतळावर धाव घेण्याआधी कंपनीच्या अॅपमधून नवी तारीख घ्या. काउंटरच्या रांगेपेक्षा ते लवकर होतं. जेवण, टॅक्सी, जास्तीचा मुक्काम यांच्या पावत्या जपा, विम्याच्या दाव्याला लागतात. दाव्यासाठी उशिराचं कारण लिहिलेला कंपनीचा कागदही मागून घ्या. तो नंतर भारतातून मिळवणं जिकिरीचं होतं.

आता परतीच्या रेल्वे तिकिटाचं. दोन महिने आधी काढलेलं तिकीट वादळामुळे वाया गेलं तर ते पैसे विसरा. त्यापेक्षा विमान नक्की सुटणार हे कळल्यावर रेल्वेच्या तत्काळ कोट्यातलं तिकीट काढा. गाडी जिथून सुटते तिथल्या सुटण्याच्या आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १० ला आणि स्लीपरचं ११ ला उघडतं. मॉरिशसमध्ये तेव्हा साडेआठ आणि साडेनऊ वाजलेले असतात. नाही मिळालं तर मुंबईहून जळगाव, धुळे, शहाद्याकडे रात्रीच्या ट्रॅव्हल्स सुटतात. ते तिकीट मुंबईत उतरून, बॅग हातात आल्यावरच काढा.